एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करायचं की नाही? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या लोकांचे पीसी, लॅपटॉप मी बरीच वर्षं बघून देतोय आणि हल्ली सगळ्यात जास्त फोन येतात ते याच्यासाठी, की एसएसडीच्या (म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारा, फ्लॅश चिपांवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) सॉफ्टवेअरमध्ये 'नवीन फर्मवेअर आलंय' असं दिसतंय, दाबू का? दरवेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलंय. घाईत असाल तर एवढंच घ्या: आधी बॅकअप, मग ड्राइव्हचं आत्ताचं व्हर्जन बघा, मग नवीन व्हर्जन नेमका कुठला दोष काढतंय ते वाचा. तो दोष डेटा घालवणारा असेल आणि तुमच्या मॉडेलला लागू असेल तर आजच करा, नाहीतर काही घाई नाही.

फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हरच ना?

नाही. ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, फर्मवेअर ड्राइव्हच्या आत. एसएसडी हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यात कंट्रोलर नावाची चिप असते आणि तिच्यावर जो प्रोग्रॅम चालतो ते फर्मवेअर. तुम्ही फोटो सेव्ह केला की तो कुठल्या फ्लॅश चिपच्या कुठल्या कोपऱ्यात टाकायचा, कुठली जागा जास्त झिजली म्हणून टाळायची, डिलीट केलेली जागा कधी साफ करायची, हे सगळं तेच ठरवतं आणि त्याची नोंद ठेवतं. ही नोंद म्हणजे गावाच्या सातबाऱ्यासारखी समजा. शेत जागेवरच असतं, पण नोंद बिघडली की कोणाचं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फर्मवेअरमध्ये चूक असेल तर चिपा एकदम धडधाकट असूनही अख्खा ड्राइव्ह जातो, आणि म्हणूनच मी हा विषय इतका मनावर घेतो.

चालतंय ना सगळं नीट, मग कशाला हात लावायचा?

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि बऱ्याच वेळा ते बरोबरही असतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, फर्मवेअरचे सगळ्यात वाईट दोष आधी काहीच जाणवू देत नाहीत, स्लो होत नाही, आवाज येत नाही, हार्डडिस्कसारखं टकटक तर नाहीच नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई कंपनीने आपल्या सर्व्हरच्या काही एसएएस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीच्या) एसएसडींबद्दल जाहीर केलं की हे ड्राइव्ह बरोबर ३२,७६८ तास चालले की बंद पडणार, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. आणि बंद पडले की ड्राइव्ह पण गेला आणि डेटा पण, दोन्ही परत नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, १६ बिटच्या साइन्ड, म्हणजे अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या आकड्यात जेवढं मावतं त्याच्या एक पुढे, तास मोजणारा आकडा तिथे उलटतो हे कुणाही प्रोग्रॅमरला बघूनच कळेल. आता विचार करा, सर्व्हरमध्ये चार ड्राइव्ह एकाच दिवशी बसवलेले असतात, तर ते चारही जवळपास एकाच वेळी जाणार, मग रेड, म्हणजे एक ड्राइव्ह गेला तरी बाकीच्यांवर डेटा राहावा अशी जोडणी, केलेलं असून उपयोग काय! पुढे २०२० च्या मार्चमध्ये अजून काही मॉडेलसाठी तसंच निघालं, तिथे ४०,००० तास. दोन्ही वेळा उपाय एकच होता, वेळेआधी फर्मवेअर अपडेट. ज्यांनी 'चालतंय ना' म्हणून सोडून दिलं त्यांच्याकडे शेवटच्या तासापर्यंत सगळं अगदी व्यवस्थित चालत होतं.

हे फक्त सर्व्हरमध्येच होतं असं समजू नका. क्रुशियलच्या एम४ या साध्या घरगुती ड्राइव्हमध्ये ५,१८४ तासांनंतर ड्राइव्ह हँग व्हायचा, रीस्टार्ट केलं की तासभर चालायचा, परत हँग. ५,१८४ तास म्हणजे सलग चालू ठेवला तर २१६ दिवस. २०१२ च्या जानेवारीत त्याचं फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला, तिथे नशिबाने डेटा जात नव्हता.

तर माझं म्हणणं असं की 'चालतंय तोवर हात लावू नका' हा नियम धरा, पण त्याआधी एकदा कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची नोट वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

सॅमसंग ९८० प्रो आणि ९९० प्रोबद्दल खूप ऐकलंय, नेमकं काय झालं होतं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकत्र करतात.

९८० प्रो २ टीबी, ३बी२क्यूजीएक्सए७ हे फर्मवेअर. २०२३ च्या सुरुवातीला लक्षात आलं की या व्हर्जनवरचे ड्राइव्ह काही दिवसांनी आपोआप रीड ओन्ली होतायत, म्हणजे वाचता येतं पण लिहिता येत नाही, आणि विंडोज त्याच ड्राइव्हवर असेल तर ते सुरूच होत नाही. त्याचा इलाज ५बी२क्यूजीएक्सए७. बघा, सगळं नाव तेच, फरक फक्त पहिल्या आकड्याचा, ३ च्या जागी ५, त्यामुळे घाईघाईत बघून 'माझं तेच आहे' म्हणू नका, एकेक अक्षर जुळवून बघा. हा दोष लागायला लागला की स्मार्टमध्ये, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवतो त्या यादीत, दोन ठिकाणी दिसायचं, ०३ नंबरचा अव्हेलेबल स्पेअर १०० वरून खाली यायला लागायचा आणि ०ई नंबरचा डेटा इंटिग्रिटी एरर, जो शून्यच असायला हवा, तो वाढायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांचा ड्राइव्ह आधीच रीड ओन्ली झाला होता त्यांना नवीन फर्मवेअर टाकून काही फायदा झाला नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागला.

९९० प्रोचं वेगळं. तो २०२२ च्या शेवटी बाजारात आला आणि थोड्याच आठवड्यांत लोकांना दिसलं की हेल्थ टक्का, म्हणजे ड्राइव्हचं किती आयुष्य उरलंय तो आकडा, भराभर उतरतोय, वापर किरकोळ आणि हेल्थ मात्र कितीतरी वर्षं वापरल्यासारखी. फेब्रुवारी २०२३ मध्ये १बी२क्यूजेएक्सडी७ आलं, त्याने उतरण्याचा वेग नॉर्मल झाला पण जेवढे टक्के गेले ते गेलेच, परत वर चढले नाहीत.

दोन्हीकडे बघा, अपडेट हे लसीसारखं चाललं, दुखणं येण्याआधी घेतली तर कामाची. त्यामुळे असा दोष तुमच्या मॉडेलला लागू असेल तर 'दिवाळीच्या सुट्टीत करू' असं करू नका.

माझ्या ड्राइव्हवर कुठलं व्हर्जन आहे ते कसं कळणार?

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, फुकट आहे. उघडलं की वरच मॉडेलचं नाव आणि त्याखाली फर्मवेअर लिहिलेलं असतं, बाजूला पॉवर ऑन अवर्स म्हणजे एकूण किती तास चालला ते पण. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी परत बघाल तेव्हा हेल्थ आणि एरर किती बदलले ते ताडून बघता येतं. कंपनीचं स्वतःचं टूल असेल तर त्यातही दिसतं, सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टनचं एसएसडी मॅनेजर वगैरे. फर्मवेअर फक्त तिथूनच किंवा कंपनीच्या साइटवरूनच घ्या, कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली किंवा कुठल्यातरी गूगल ड्राइव्हच्या लिंकवर मिळाली तर अजिबात नको.

नोट वाचा म्हणता, पण त्यात काय बघायचं?

'डेटा करप्शन', 'रीड ओन्ली', 'ड्राइव्ह ओळखला न जाणं', 'अमुक तासांनंतर बंद पडणं', 'अचानक करंट गेल्यावर' असे शब्द दिसले आणि मॉडेल, साइज, व्हर्जन तिन्ही तुमचं जुळलं तर बॅकअप घेऊन त्याच दिवशी करून टाका. साइज पण जुळवा, वर ९८० प्रोचं सांगितलं तसं, बऱ्याचदा दोष एकाच साइजच्या ड्राइव्हला असतो.

अडचण कुठे येते, तर बऱ्याच नोटमध्ये नुसतं 'स्टॅबिलिटी सुधारली' एवढंच लिहितात, त्यातून सामान्य माणसाने काय समजायचं? खरं सांगू का, मला हे अजिबात पटत नाही, लोकांच्या पोराबाळांचे फोटो त्या ड्राइव्हवर असतात आणि कंपनीने दोन वाक्यं नीट लिहू नयेत. तर अशा वेळी मी दोन तीन आठवडे थांबतो. कारण नवीन फर्मवेअरमध्येच घोळ निघू शकतो, २०१५ मध्ये सॅमसंग ८५० प्रोचं एक फर्मवेअर टाकल्यावर काही लोकांचे ड्राइव्ह चक्क मेले आणि ते डाउनलोड मागे घ्यावं लागलं. थांबलेल्यांचं काही बिघडलं नाही. मात्र तुमच्याकडे तोच त्रास आधीपासून होत असेल, म्हणजे मध्येच ड्राइव्ह गायब होणं, निळी स्क्रीन, झोपेतून उठल्यावर हँग, तर थांबण्यात अर्थ नाही.

अपडेट केल्यावर डेटा जातो का?

आताच्या ड्राइव्हमध्ये नॉर्मली नाही जात. फार पूर्वी, सुरुवातीच्या एसएसडींच्या काळात, काही अपडेट ड्राइव्ह पुसूनच व्हायची, ती भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे. पण 'नॉर्मली' हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. बॅकअप नसेल तर अपडेट करू नका, आणि अपडेट करणार नसाल तरी बॅकअप घ्याच. दुसऱ्या हार्डडिस्कवर एक कॉपी, आणि जे परत मिळणारच नाही, म्हणजे फोटो, घराची कागदपत्रं, मुलांच्या मार्कशीटचे स्कॅन, धंद्याचा टॅलीचा डेटा, त्याची अजून एक कॉपी क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. त्याच एसएसडीवर डी ड्राइव्हमध्ये कॉपी केली हा बॅकअप नाही, ड्राइव्ह गेला की सी आणि डी दोन्ही जातात, हे मला इतक्या जणांना सांगावं लागलंय.

कॉपी झाल्यावर त्यातल्या चार फाइल उघडून बघा.

मधेच लाईट गेली तर?

एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये (हल्लीच्या पीसी, लॅपटॉपमधले वेगवान एसएसडी) फर्मवेअर ठेवायला एक ते सात जागा असू शकतात, स्लॉट म्हणतात त्यांना. नवीन फाइल आधी ड्राइव्हमध्ये उतरते, तपासली जाते आणि मग ड्राइव्ह रीसेट झाला की ती चालू होते, त्यामुळे फाइल उतरताना लाईट गेली तर बहुतेक वेळा जुनंच फर्मवेअर राहतं. पण सगळ्या ड्राइव्हला जास्तीचे स्लॉट नसतात आणि आपण तो जुगार का खेळायचा? लॅपटॉप असेल तर बॅटरी निम्म्याच्या वर आणि चार्जर लावलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, लाईट गेल्यावर तो चालू व्हायला जो क्षण लागतो त्यात पंखा चालू राहतो पण पीसी रीस्टार्ट होतो. पावसाळ्यात विजा चमकतायत किंवा महावितरणचं मेंटेनन्स आहे असा दिवस सोडून द्या.

मग नेमकं करायचं कसं?

बॅकअप झाला. आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, ते बघा. नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं आणि माणसाला पत्ताच नसतो. माझ्या ताईच्या लॅपटॉपवर हेच झालं, बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं फर्मवेअर, विंडोजच्या आधी चालू होतं ते) आणि ड्राइव्ह दोन्हीचं अपडेट मी एकाच वेळी टाकलं, चालू केला तर निळी स्क्रीन आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय, ताई म्हणते मी असलं काही ठेवलंच नाही. नशिबाने तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की होती, फोनवर उघडून सहा सहा आकडे ती वाचतेय आणि मी टाकतोय, आठव्या गटापर्यंत दोघांचेही हात गार पडले होते. तेव्हापासून मी आधी की कागदावर लिहून घेतो, मग बिटलॉकर सस्पेंड म्हणजे तात्पुरतं बंद करतो, मगच पुढचं. आणि बायोस आणि ड्राइव्ह एकाच दिवशी करत नाही.

मग बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करा, टॉरेंट, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसचं स्कॅन सगळं. टूल चालवा, झालं म्हणाल्यावर पीसी पूर्ण बंद करा. रीस्टार्ट नाही, शटडाउन. रीस्टार्टमध्ये ड्राइव्हचा करंट बहुतेक वेळा तुटतच नाही आणि काही ड्राइव्ह अर्धवट अवस्थेत राहतात. एकदा एका ड्राइव्हला अपडेट टाकून मी सवयीने रीस्टार्ट दाबलं आणि बायोसमधून ड्राइव्हच गायब. मागची पिन काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, मिनिटभर थांबून परत पिन लावली, आला. तो एक मिनिट अजून आठवतो. चालू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये व्हर्जन बदललंय का बघा, कारण टूलने झालं म्हटलं आणि व्हर्जन जुनंच, असं पण होतं.

टूलमध्ये माझा ड्राइव्ह दिसतच नाही.

याची तीन कारणं नेहमीची. एक, लॅपटॉपबरोबर आलेला ड्राइव्ह. त्यावर सॅमसंग लिहिलेलं असलं तरी तो पीएम९८१ किंवा पीएम९ए१ असा लॅपटॉप कंपनीसाठी बनवलेला असतो, मॅजिशियन त्याला अपडेट देत नाही, ते डेल, एचपी, लेनोवो अशा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमचा मॉडेल नंबर टाकून शोधायचं. दुकानात मिळणाऱ्या जवळच्या मॉडेलचं फर्मवेअर त्याच्यावर जबरदस्तीने टाकायच्या फंदात पडू नका. दोन, बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी (ड्राइव्ह इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत चालवायची सेटिंग) किंवा रेड चालू असलं की टूलला ड्राइव्ह थेट दिसत नाही. ते बंद केलं तर विंडोज सुरू व्हायचं बंद होऊ शकतं, म्हणून माहीत नसेल तर हात लावू नका, कंपनी पेनड्राइव्हवरून बूट करायची फाइल देत असेल तर ती बघा. तीन, ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत आहे. डबीतली चिप बऱ्याचदा फर्मवेअरच्या कमांड पुढे जाऊच देत नाही, मदरबोर्डवर लावूनच करा.

लिनक्स आणि मॅकवर?

लिनक्सवर स्मार्टसीटीएल या कमांडने व्हर्जन कळतं, आणि फर्मवेअर अपडेट करायला एफडब्ल्यूअपडी नावाची सोय आहे, तुमच्या कंपनीने तिथे फर्मवेअर दिलं असेल तर दोन कमांडमध्ये होतं. सगळ्या कंपन्या देत नाहीत. मॅकच्या आतल्या ड्राइव्हचं वेगळं काही करायचं नसतं, मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येतं.

अपडेट केल्यावर स्पीड वाढेल का?

त्यासाठी करू नका. एक अपवाद मला माहीत आहे तो सॅमसंग ८४० ईव्होचा, त्यात जुन्या फाइल, म्हणजे महिनोन् महिने हात न लावलेल्या, वाचताना स्पीड फार पडायचा, कारण टीएलसी फ्लॅशमधला (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी चिप) चार्ज काळाबरोबर सरकतो आणि फर्मवेअरला ते नीट सावरता येत नव्हतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एक अपडेट दिलं, काही महिन्यांनी परत तेच रडगाणं, मग एप्रिल २०१५ मध्ये दुसरं दिलं ज्यात ड्राइव्ह अधूनमधून जुना डेटा स्वतःच परत लिहून ताजा करतो. तुमचा ड्राइव्ह स्लो वाटत असेल तर आधी किती भरलाय ते बघा, ९५ टक्के भरलेला ड्राइव्ह रडणारच.

विंडोज अपडेटमुळे एसएसडी जाते म्हणतात, खरं आहे का?

दोन उदाहरणं देतो, एक खरं निघालं, एक नाही. २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ हे मोठं अपडेट आलं तेव्हा डब्ल्यूडीच्या एसएन७७० आणि एसएन५८० च्या २ टीबी ड्राइव्हवर सारखी निळी स्क्रीन यायला लागली. या ड्राइव्हना स्वतःची डीरॅम, म्हणजे कामापुरती वेगवान मेमरी, नसते, ते पीसीच्या रॅममधला तुकडा उसना घेतात, आणि नवीन विंडोजने मागितला तसा २०० एमबीचा तुकडा दिला तर तो ड्राइव्हच्या फर्मवेअरला झेपेना. डब्ल्यूडीने फर्मवेअर दिलं आणि थांबलं. इथे अपडेट करणं हाच खरा इलाज होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र एक विंडोज अपडेट आल्यावर मोठ्या फाइल कॉपी करताना ड्राइव्ह गायब होतात अशी बोंब झाली, फायसन या कंपनीच्या कंट्रोलरचं नाव पुढे आलं. फायसनने ४,५०० तासांपेक्षा जास्त टेस्टिंग करूनही तसं काही घडवता आलं नाही, मायक्रोसॉफ्टलाही संबंध सापडला नाही. पण तेवढ्या दिवसांत कितीतरी लोकांनी घाबरून मिळेल ते फर्मवेअर शोधायला सुरुवात केली होती, मला पण फोन आले. तेव्हा मी सगळ्यांना एकच विचारलं, बॅकअप आहे का?

जमलं नाही तर जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं का?

नाही असं समजूनच चला. घरगुती ड्राइव्हच्या टूलमध्ये मागे जायचं बटणच नसतं.

माझा ड्राइव्ह आधीच रीड ओन्ली झालाय, आता तरी अपडेट करून बघू का?

आधी डेटा काढा. बाकी सगळं नंतर.

माझा मावसभाऊ कोल्हापूरला लग्नाचं शूटिंग करतो, मे महिन्यात ऐन सीझनला त्याचा १ टीबीचा ड्राइव्ह असाच झाला, कुठली कंपनी ते महत्त्वाचं नाही. हळदीचं फुटेज टाकायला गेला तर 'डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे', परत केलं, परत तेच. तो फॉरमॅट मारायला निघाला होता, बरं झालं आधी फोन केला. मी म्हटलं काही दुरुस्त करू नको, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) नको, फॉरमॅट नको, फर्मवेअर तर अजिबात नको, दुसरी हार्डडिस्क लाव आणि ज्या लग्नांची डिलिव्हरी बाकी आहे ते फोल्डर आधी कॉपी कर, जुनी लग्नं नंतर. पहाटेपर्यंत सगळं निघालं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं फर्मवेअर चार महिने आधीच येऊन पडलेलं होतं. नंतर ते टाकून बघितलं, काही फरक नाही, शेवटी बिल शोधून वॉरंटीत दिला आणि बदलून आला.

ड्राइव्ह दिसतच नसेल, किंवा इंटेल ३२० मध्ये २०११ साली व्हायचं तसं करंट गेल्यावर साइजच ८ एमबी दाखवत असेल, आणि बॅकअप नसेल, तर सारखं चालू बंद करत बसू नका. इंटेलने तेव्हा फर्मवेअर दिलं ते दोष टाळायला, आधीच ८ एमबी झालेल्या ड्राइव्हमधला डेटा त्याने परत येत नव्हता. अशा वेळी डेटा हवाच असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि देताना मॉडेल, व्हर्जन, आणि शेवटचं काय केलं होतं ते खरं खरं सांगा. वॉरंटीत देणार असाल तर आधी विचारा, कारण तिथून बदलून दुसरा ड्राइव्ह येतो, तुमचा डेटा येत नाही.